जुन्या पुस्तकाची वाट मोकळी हवी

पुस्तक विकत घेणे, ते वाचणे आणि वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हाती देणे, या तिन्ही गोष्टी आपण इतक्या स्वाभाविक मानतो की त्यांतील तिसरी गोष्ट हा एक हक्क आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते. जुन्या पुस्तकांचा सारा व्यवहार याच हक्कावर उभा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा व्यवहार पदपथावरून व रद्दीच्या दुकानातून उठून मोठ्या प्रमाणात संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आला. वाचक आज घरबसल्या स्वतःसाठी जुने पुस्तक मागवतो. मित्राच्या वाढदिवसाला किंवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला भेट म्हणून तेच पुस्तक परस्पर त्यांच्या पत्त्यावर धाडतो.

ही सोय खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी जुन्या पुस्तकांचा बाजार हा मोठ्या शहरांचा मक्ता होता. मुंबईत फोर्टचे पदपथ आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, कलकत्त्यात कॉलेज स्ट्रीट, दिल्लीत दर्यागंज. किनवटच्या किंवा अहेरीच्या शिक्षकाला या बाजारांचा उपयोग नव्हता. त्याला हवा असलेला ग्रंथ कोणत्या शहरात, कोणत्या गठ्ठ्यात पडला आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. आज तो मार्ग उपलब्ध झाला आहे. म्हणूनच या मार्गावर नाकी कोणी उभारली आहेत आणि जकात कोण वसूल करतो, याची चौकशी आवश्यक ठरते.

हक्क कोठून आला

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ग्रंथाच्या प्रती लोकांसमोर आणण्याचा अधिकार लेखकाला, अर्थात त्याच्यामार्फत प्रकाशकाला, दिला आहे. परंतु त्याच कलमात एक मर्यादाही घातली आहे. जी प्रत एकदा विकली गेली ती वितरणात आलेली मानली जाते, आणि तिच्यावर हा अधिकार चालत नाही. म्हणजे एकदा पैसे मोजून घेतलेली प्रत आपली. ती विका, वाटा, भेट द्या; कोणाची परवानगी नको.

ही मर्यादा कोठेही सहजासहजी मान्य झालेली नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या आतच छापले होते की, एक डॉलरहून कमी किमतीला हे पुस्तक विकण्याची कोणालाही अनुज्ञा नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकाशक न्यायालयात गेला आणि १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील किमतीवर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. जगभरच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाराला आधार देणारे हे तत्त्व आहे.

आता हेच तत्त्व मागील दाराने काढून घेतले जात आहे. ई-पुस्तकाच्या पानावर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ग्राहकाच्या पदरी पडतो तो केवळ वाचनाचा परवाना. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या, विक्रेत्याला हक्क नसताना विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकल्या. पुढे कंपनीने क्षमा मागितली. परंतु असे करता येते हे सिद्ध झाले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात युरोपीय संघाच्या न्यायालयाने, वाचून झालेल्या ई-पुस्तकांची जुनी म्हणून पुनर्विक्री करता येणार नाही असा निर्णय दिला. कागदी पुस्तकाला दुसरा, तिसरा, दहावा वाचक मिळू शकतो. ई-पुस्तकाचे आयुष्य पहिल्या ग्राहकापाशी संपते. वाचनाची सोय म्हणून ई-पुस्तक जरूर वापरावे. परंतु ज्याला पुढे देता येत नाही ते आपल्या मालकीचे नाही, हे ध्यानात ठेवून वापरावे.

भेट आणि संकोच

स्वतःसाठी जुने पुस्तक आनंदाने घेणाऱ्यालाही ते भेट देताना संकोच होतो. नवे कोरे पुस्तकच द्यावे, वापरलेले देणे म्हणजे समोरच्याचा अवमान, अशी समजूत रूढ आहे. या समजुतीला दोन मुळे आहेत. भेटीचे मोल तिच्या किमतीवरून ठरवण्याची सवय बाजाराने लावली, हे एक. दुसरे मूळ अधिक जुने आणि अधिक घातक आहे. ते म्हणजे दुसऱ्याने हाताळलेले ते उष्टे मानण्याची वृत्ती. कोणाचा हात लागला यावरून वस्तूची शुद्धाशुद्धता ठरवणाऱ्या समाजात जुन्या पुस्तकाविषयीचा संकोच हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

ज्याने या वृत्तीविरुद्ध आयुष्यभर झुंज घेतली त्या पुरुषाचे ग्रंथप्रेम जुन्या पुस्तकांच्या दुकानांतच वाढले, हे येथे स्मरणीय आहे. १९१३ ते १९१६ या न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून जुनी पुस्तके घेतली. ती सुमारे दोन हजार होती, अशी नोंद त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. १९१७ साली ते मायदेशी परतताना त्यांचे ग्रंथ व सामान घेऊन निघालेले जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. तरीही ग्रंथसंग्रह थांबला नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या ‘राजगृहा’ची रचनाच ग्रंथांना जागा मिळावी म्हणून झाली. या ग्रंथांचे मोल ते कोणी आधी हाताळले होते यावरून कोणी ठरवील काय?

भेट देण्यासाठी जुने पुस्तक निवडण्यात एक वेगळा विचार करावा लागतो. दुकानात समोर मांडलेले नवे पुस्तक पाच मिनिटांत उचलता येते. जुने पुस्तक शोधावे लागते. ज्याला द्यायचे त्याला काय हवे आहे, कोणता खंड त्याच्यापाशी नाही, हे आठवावे लागते. शिवाय एका नव्या पुस्तकाच्या किमतीत पुष्कळदा तीन-चार जुनी पुस्तके येतात. शिबिरांतील बक्षिसे, वस्तीतील अभ्यासिका, निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांना द्यावयाच्या आठवणी, या साऱ्यांसाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे. मात्र जुने पुस्तक जुने म्हणूनच द्यावे. आधीच्या मालकाचे नाव खोडू नये. त्याच्या खाली आपले नाव व तारीख लिहावी.

दाराची मालकी

आता जकातीकडे वळू. ॲमेझॉनने १९९५ साली व्यापार सुरू केला तो पुस्तकांपासून. आपल्याकडे फ्लिपकार्टने २००७ साली बंगळूरमध्ये तीच वाट धरली, आणि ॲमेझॉन २०१३ साली भारतात आली तेव्हाही आरंभ पुस्तके व चित्रपटांपासूनच झाला. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, टपालाने सहज जाते आणि त्याची शीर्षके लक्षावधी असतात. कोणतेही एक दुकान ती सारी ठेवू शकत नाही. ग्राहकाला ओढून आणण्यासाठी याहून सोयीचा माल नव्हता. ग्राहक आल्यावर त्याच दारातून साबणापासून शीतकपाटापर्यंत सारे विकले जाऊ लागले.

जुन्या पुस्तकांच्या जगातही हेच घडले. कॅनडातील व्हिक्टोरिया या गावी १९९५ साली स्थापन झालेल्या एबबुक्स या संस्थेने जगभरच्या हजारो लहान जुन्या-पुस्तकविक्रेत्यांच्या याद्या एकत्र आणल्या. २००८ साली ती ॲमेझॉनने विकत घेतली. लंडनची बुक डिपॉझिटरी २०११ साली घेतली आणि २०२३ च्या एप्रिलात बंदही करून टाकली. घेतलेले दुकान चालवायचे की मोडायचे, हे मालक ठरवतो. त्यावर अवलंबून असलेला वाचक त्या निर्णयात कोठेच नसतो.

आपल्या शेतकऱ्याला ही रचना अपरिचित नाही. माल एकाचा, ग्राहक दुसरा, आणि मध्ये बसलेला अडत्या दोघांकडे पाहून हसणारा. परंतु बाजार समितीवर निदान १९६३ चा कायदा आहे, निवडून आलेले संचालक आहेत, आणि अडत कोणी द्यायची यावर जाहीर वाद होतो. त्या वादातूनच २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. संकेतस्थळावरील अडत मात्र कंपनी एकतर्फी ठरवते, एकतर्फी बदलते आणि विक्रेत्याला केवळ एका पत्राने कळवते.

असेच एक पत्र २०१८ च्या नोव्हेंबरात निघाले. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया, रशिया आदी देशांतील विक्रेत्यांना यापुढे आपल्या संकेतस्थळावर स्थान नाही, असे एबबुक्सने कळवले. कारण देण्यात आले पैशांच्या देवाणघेवाणीतील अडचणीचे. त्यानंतर जे घडले ते कामगार चळवळीत वावरलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. ज्यांच्यावर गदा आली नव्हती असे विक्रेते उठले. वीसहून अधिक देशांतील शेकडो दुकानदारांनी आपली दहा लाखांहून अधिक पुस्तके त्या संकेतस्थळावरून एकाच वेळी काढून घेतली. यंत्रात आपण ‘सुट्टीवर’ असल्याची नोंद केली. एकेकटे दुकान चालवणारी, कोणत्याही संघटनेच्या शिस्तीत न वाढलेली ही माणसे. त्यांनी केलेला हा संपच होता. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखांना क्षमा मागावी लागली आणि त्या विक्रेत्यांना तत्काळ बाहेर काढण्याचा बेत सोडून पर्याय शोधावा लागला. सर्व किल्ल्या एकाच हाती असतानाही माल पुरवणारे हात एकत्र आले तर दार हलते, याचा हा अलीकडचा दाखला.

या सोयीची आणखी एक किंमत आहे, आणि ती पुस्तक गोदामातून दारापर्यंत आणणारा कामगार भरतो. हरयाणातील मानेसर येथील ॲमेझॉनच्या गोदामात, सहा ट्रक उतरवून होईपर्यंत पाणी पिण्यास वा शौचास जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या वृत्ताची राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२४ साली स्वतःहून दखल घेतली. पुस्तक ‘उद्याच मिळेल’ या आश्वासनामागे कोणाची घाई असते, हे ग्राहकाला पडद्यावर दिसत नाही. जुने पुस्तक वर्षानुवर्षे कोठेतरी पडून राहिलेले असते. ते चार दिवस उशिरा आले म्हणून काहीही बिघडत नाही.

यंत्राला न दिसणारी पुस्तके

मोठी संकेतस्थळे पुस्तक ओळखतात ते मुख्यतः आयएसबीएन या क्रमांकावरून. हा क्रमांक जगात १९७० च्या सुमारास रूढ झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणे शक्यच नव्हते, आणि नंतरच्याही असंख्य मराठी पुस्तकांवर तो नाही. अधिवेशनांचे अहवाल, संपाच्या काळातील पत्रके, लहान प्रकाशकांच्या पुस्तिका, जिल्ह्याच्या गावी छापलेली आत्मचरित्रे यांना क्रमांक नाही, म्हणून यंत्राच्या लेखी अस्तित्व नाही. ती शोधून काढतो तो रद्दीच्या गठ्ठ्यासमोर उकिडवा बसलेला विक्रेता. तोच मुखपृष्ठाचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो आणि ओळखीच्या वाचकाला कळवतो. मराठी जुन्या पुस्तकांचा ऑनलाईन बाजार आजही बव्हंशी या माणसाच्या डोळ्यांवर चालतो.

यंत्राच्या हाती किंमत सोपवली की काय होते, हे २०११ साली दिसले. माशीच्या वाढीसंबंधीच्या एका शास्त्रीय ग्रंथाच्या दोन नव्या प्रती दोन विक्रेत्यांनी ॲमेझॉनवर ठेवल्या होत्या. दोघांच्याही किमती संगणक ठरवीत होते. एकाचा संगणक दुसऱ्याच्या किमतीहून जरा खाली राही, दुसऱ्याचा पहिल्याच्या वर चढे. असे करीत करीत किंमत दोन कोटी छत्तीस लाख डॉलरच्या पलीकडे गेली. त्याच वेळी त्याच ग्रंथाच्या वापरलेल्या प्रती पस्तीस डॉलरपासून मिळत होत्या. मागणी आणि पुरवठा यांच्या नैसर्गिक नियमाचा गौरव करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आपल्या जवळचे उदाहरण सोव्हिएत पुस्तकांचे. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी भाषांतरे, मुलांची चित्रमय पुस्तके, कादंबऱ्या आणि अर्थशास्त्राची पुस्तके एके काळी अत्यल्प किमतीत मिळत; कामगाराच्या घरातही ती असत. १९९१ साली सोव्हिएत संघाबरोबर तो पुरवठा आटला. आज त्यांतील काही पुस्तके ‘दुर्मिळ’ या शिक्क्यासह मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकली जातात. ज्यांना परवडावीत म्हणून ती छापली त्यांच्याच मुलांना आता ती परवडत नाहीत. यात विक्रेत्याचा दोष थोडा. घरातील वृद्ध कार्यकर्ता गेल्यावर त्याचा संग्रह न पाहता किलोच्या भावाने काढून टाकणाऱ्या आपल्या बेपर्वाईचा अधिक.

टपाल आणि पदपथ

ऑनलाईन व्यवहार हवेत चालत नाही. पुस्तक शेवटी कोणीतरी कोठेतरी जमवावे लागते आणि कोणीतरी पोहोचवावे लागते. या दोन्ही ठिकाणी शासनाचा संबंध येतो.

टपाल खात्याची बुकपोस्ट ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या वाचकांच्या व लहान प्रकाशकांच्या उपयोगी पडली. नोंदणीकृत बुकपोस्टाने पाच किलो पुस्तके सुमारे ८० रुपयांत देशात कोठेही जात. २०२४ च्या डिसेंबरात ही सेवा पूर्वसूचना न देता बंद झाली. ज्या कंपन्यांपाशी स्वतःची वितरणव्यवस्था आहे त्यांना याची झळ लागली नाही. ती लागली गल्लीतल्या विक्रेत्याला आणि खेड्यातल्या ग्राहकाला. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे त्याचे दर आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक छापील साहित्यासाठी म्हणून आखली आहे. एखादी जुनी कादंबरी यात बसते की नाही, हे खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहता कामा नये. कोणतेही छापील पुस्तक, नवे वा जुने, कोणीही या दराने पाठवू शकेल, एवढा साधा नियम झाला पाहिजे.

पदपथाची कथा अधिक कठोर आहे. २००५ साली मुंबई महापालिकेने फोर्ट भागातील पुस्तकविक्रेत्यांवर कारवाई केली. त्यांतील मोजकेच पुन्हा बसू शकले. १९०५ पासून चाललेले धोबीतलावजवळचे ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ २०११ साली बंद झाले. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार २०१९ च्या जुलैत न्यायालयीन आदेशानंतर हटला आणि सप्टेंबरात महिला हाटच्या आवारात गेला. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या बाजारांना वारसा मानून ते हलवू नयेत, अशी तरतूद आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, हेही त्यात आहे. पदपथावरचा विक्रेता उठला की पडद्यावरचा बाजारही आटतो, कारण पडद्यावर दिसणारी कित्येक पुस्तके त्याच्याच पोत्यातून आलेली असतात.

लेखकाचे काय?

जुन्या पुस्तकाच्या विक्रीतून लेखकाला मानधन मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मराठीत पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराच्या घरातली असते. तीही वर्षानुवर्षे खपत नाही. म्हणून जे पुस्तक आज बाजारात उपलब्ध आहे आणि ज्याचा लेखक लिहिता आहे, ते शक्य असेल त्याने नवेच घ्यावे. जे परवडत नाही किंवा ज्याची आवृत्ती संपली आहे ते जुने घेण्यात लेखकाची हानी नाही; उलट त्याला वाचक मिळतो. खरी हानी करते ती चोरटी छपाई. पदपथावर व पडद्यावर नव्या गाजलेल्या पुस्तकांच्या बनावट प्रती अर्ध्या किमतीत मिळतात. धूसर अक्षरे, पातळ कागद आणि वाकडी कापलेली पाने ही त्यांची खूण. अशी प्रत जुनी नसते, चोरीची असते. तिला आपल्या घरात आणि भेटीत स्थान नसावे.

आपण काय करावे

प्रत्येक कार्यकर्त्याला आज करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. पुस्तक मोठ्या संकेतस्थळावर शोधावे, पण विक्रेत्याचे नाव-गाव कळल्यास त्याच्याशी थेट व्यवहार करावा; म्हणजे अडत वाचते आणि ती त्याच्या खिशात राहते. पैसे देण्यापूर्वी मुद्रण-पृष्ठाचे छायाचित्र मागावे, आवृत्ती आणि पानांची संख्या विचारावी. प्रामाणिक विक्रेता याचा राग मानत नाही. जिल्हा कार्यालयांनी दिवंगत सहकाऱ्यांच्या कुटुंबीयांशी वेळीच बोलून संग्रहाची यादी करावी. क्रमांक नसलेली पुस्तिका आधी बाजूला काढावी. शहरांतील मित्रांनी पथविक्रेता समितीच्या बैठकीत पुस्तकविक्रेत्यांचा प्रश्न मांडावा. खासदारांमार्फत ज्ञान पोस्टाच्या नियमांत दुरुस्तीची मागणी करावी.

आणि येत्या शिबिरात हारतुऱ्यांवरचा खर्च थांबवून त्या पैशांतून जुनी पुस्तके आणावीत. शिबिरार्थीला पुस्तक देताना एकच अट घालावी: वाचून झाल्यावर ते कपाटात न ठेवता, आपले नाव लिहून पुढच्याच्या हाती द्यावे.